सात लायसन्स, सहा माणसं

चि. चिऊ हिस,


तू पाठवलेलं कोटेशन दोनदा वाचलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम, सात लायसन्स, वर्षाचा करार, वर १८ टक्के जीएसटी. खाली विक्रेत्यानं लिहिलंय की तुमच्यासारख्या वाढत्या उद्योगाला हेच शोभतं. वाढता उद्योग म्हटलेलं कुणाला गोड लागत नाही? पण तुझ्या ऑफिसात कोण काय करतं, हे त्यानं विचारलेलं दिसत नाही. एवढंच काय, तुझ्याकडे कॉम्प्युटरवर बसणारी माणसं सहा, मग सातवं लायसन्स कुणाचं? शेवटी सापडलं. ते 'सेल्स'च्या ईमेल पत्त्यासाठी लावलंय. अशा पत्त्याला शेअर्ड मेलबॉक्स म्हणतात. दोघंतिघं मिळून तो वापरू शकतात आणि ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. तेव्हा पहिली काट तिथेच मार.

आता राहिलेले सहा. 'कंपनीसाठी कुठला प्लॅन घ्यावा' असं तू विचारतेस, तिथेच गोंधळ होतो. एका कंपनीत सगळ्यांना एकच प्लॅन हवा, असं कुठेही बंधन नाही. कुणाला प्रीमियम, कुणाला स्टँडर्ड, कुणाला बेसिक असं मिसळून घेता येतं. म्हणून एकेका खुर्चीचं काम बघ.

हिशेबाच्या वहिनींचं बरंचसं काम टॅलीत चालतं. तरीही त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवलेलं, पूर्ण एक्सेल हवंच. जीएसटीआर-९ हे वार्षिक विवरणपत्र भरायचं ऑफलाइन टूल म्हणजे मॅक्रो असलेली एक्सेल फाइल. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एक्सेलात मॅक्रो चालत नाहीत आणि लिबरऑफिसमध्ये नीट चालतीलच याचा भरवसा धरता येत नाही. लिबरऑफिस वाईट नाही हो, फुकट आहे आणि पत्रं, कोटेशनं, साधे तक्ते यांना उत्तम आहे. पण विवरणपत्राच्या घाईत वहिनींना त्याच्याशी झटापट करायला लावू नकोस.

क्वालिटीच्या मुलाचंही तेच. तुझी गिऱ्हाइकं पीपॅप (सुटा भाग मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), कंट्रोल प्लॅन, तपासणीचे रिपोर्ट सगळं आपापल्या एक्सेल फॉर्मॅटमध्ये मागतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरून पाठवलं आणि एखादा रकाना सरकला, तर माल कितीही मापात असला तरी कागद परत येतो. म्हणजे दोन खुर्च्यांना स्टँडर्ड. तिसरी तुझी. स्टँडर्डचं एक लायसन्स एकाच माणसाच्या पाच कॉम्प्युटरवर चालतं, शिवाय पाच टॅबलेट आणि पाच फोन. तेव्हा ऑफिसातला डेस्कटॉप आणि तुझा लॅपटॉप यांना दोन घ्यायचं कारण नाही.

खरेदीवाला आणि डिस्पॅचचे दोघे यांना मेल वाचायची, उत्तर द्यायचं, फार तर एखादी शीट उघडून आकडा भरायचा. चलन टॅलीतून निघतं, ई-वे बिल पोर्टलवर होतं आणि ट्रकवाल्याशी बोलणं व्हॉट्सॲपवर. त्यांना बेसिक पुरे. बेसिकमध्ये वर्ड-एक्सेल ब्राउझरात आणि मोबाइलवरच चालतं, कॉम्प्युटरवर बसवता येत नाही. पण कंपनीच्या नावाचा ईमेल आणि वनड्राइव्हवर माणशी एक टीबी जागा त्यातही मिळते. शॉपवरच्या सीएनसी ऑपरेटरांना यातलं काही नको. ड्रॉइंगची स्वच्छ प्रिंट वेळेवर मिळाली तरी ते खूश असतात.

मग प्रीमियममध्ये जास्तीचं आहे काय? वर्ड तेच, एक्सेल तेच. सूत्रं जास्त नाहीत की वेग जास्त नाही. जास्तीचा पैसा जातो तो बंदोबस्ताला. हरवलेल्या फोनवरची कंपनीची माहिती दुरून पुसायची सोय, ओळखीच्या नसलेल्या लॅपटॉपवरून कुणी आत शिरू बघत असेल तर अडवायची सोय, आणि सगळ्या मशिन्सवर एका जागेवरून नजर ठेवणारं डिफेंडर. या चांगल्या गोष्टी आहेत, पण पैसे भरले म्हणून त्या आपोआप लागू होत नाहीत. कुणीतरी बसून प्रत्येक मशीन जोडावं लागतं, नियम लावावे लागतात, इशारे आले तर वाचावे लागतात. कुलूप आणून कपाटात ठेवलं म्हणजे दार बंद होत नाही. तेव्हा विक्रेत्याला लेखी विचार: हे सगळं चालू कोण करून देणार, त्याचे वेगळे किती घेणार, आणि सहा महिन्यांनी बघणार कोण? उत्तर 'होऊन जाईल मॅडम' असं आलं, तर प्रीमियमचा विषय तिथेच संपव.

एक दिवस प्रीमियम लागेलही. एखादं जर्मन गिऱ्हाईक टिसॅक्स या माहिती-सुरक्षेच्या तपासणीबद्दल विचारू लागलं, ड्रॉइंग देण्याआधी माहिती सुरक्षित ठेवायची हमी मागू लागलं, किंवा तुझी माणसं कंपनीचे लॅपटॉप घेऊन बाहेरगावी फिरू लागली, की घे. तेव्हाही ज्यांच्या हातात ती ड्रॉइंग्ज आहेत त्यांच्यापुरतंच.

तोवर जे फुकट आहे ते तरी कर. दोन टप्प्यांचं लॉगिन बेसिकमध्येही मिळतं. ते सहाही जणांना लाव, कुणी कुरकुर केली तरी. आपल्यासारख्यांना धोका असतो तो सिनेमातल्या हॅकरचा नव्हे. कुणीतरी मेलमध्ये शिरतो, चालू असलेला पत्रव्यवहार वाचत बसतो आणि नेमक्या वेळी 'आमचं बँक खातं बदललंय' असं तुझ्या नावानं गिऱ्हाइकाला किंवा सप्लायरच्या नावानं तुला कळवतो. खातं बदलल्याची मेल आली की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, त्या मेलमधल्या नंबरवर नाही. हा नियम भिंतीवर लिहून ठेव, शेजारी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबरही लिही.

करार नीट वाच. वर्षाचा करार केलास की रद्द करायला हातात सात दिवस. त्यानंतर मध्येच लायसन्स कमी करता येत नाहीत, वाढवता मात्र केव्हाही येतात. म्हणून कमीपासून सुरुवात. एखादा मुलगा पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून शिरोलीच्या एखाद्या कंपनीत गेला, तर त्याचं लायसन्स नव्या मुलाच्या नावावर करता येतं, ते वाया जात नाही. वर्षाचा करार करून पैसे महिन्याला भरलेस तर एप्रिल २०२५ पासून पाच टक्के जास्त पडतात. महिन्या-महिन्याचा करार त्याहून बराच महाग. जीएसटीचं क्रेडिट तुला मिळतं, त्यामुळे दर ताडून बघताना तो वगळ.

दाजींनी म्हणे फॅमिली प्लॅन सुचवला, सहा जणांना चालतो आणि स्वस्त पडतो. दाजींचा हिशेब बरोबर, पण तो प्लॅन घरगुती वापरासाठीच आहे, धंद्याला त्याची परवानगी नाही. आणि पाचशे रुपयांत 'लाइफटाइम की' देणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नकोस. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे.

वहिनींच्या डेस्कटॉपवर अजून ऑफिस २०१६ आहे, असं तू मागे म्हणाली होतीस. ते उघडतं, चालतं, पण त्याचे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. ज्या मशीनवर नेट बँकिंग होतं तिथे ते ठेवू नये. एकरकमी पैसे भरून ऑफिस २०२४ ची होम अँड बिझनेस आवृत्तीही मिळते, एका कॉम्प्युटरपुरती, ऑक्टोबर २०२९ पर्यंत अपडेटसह. वहिनी जागेवरून हलत नाहीत, त्यांच्यासाठी ही किंमत आणि स्टँडर्डची तीन वर्षांची वर्गणी शेजारी शेजारी मांड. एकरकमी घेतलंस तर मेलसाठी त्यांनाही बेसिक लागेल, तेही त्यात धर.

वर्गणी थांबली तर बसवलेलं वर्ड-एक्सेल फाइल दाखवतं, प्रिंट देतं, पण बदल करू देत नाही. क्लाउडवरचा डेटा तर ठराविक मुदतीनंतर पुसलाच जातो. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात. म्हणून स्वतःची एक हार्ड डिस्क घे आणि बॅकअप तिच्यावरही ठेव. टॅलीचा चालू डेटा वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नकोस, फाइल बिघडू शकते. टॅली बंद करून काढलेला बॅकअप तिथे ठेवायला हरकत नाही.

आणि ज्यावरून मी अनेकांना अडकलेलं बघितलंय ते: कंपनीच्या नावाचं डोमेन कुणाच्या नावावर आहे? पुष्कळदा विक्रेता ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेऊन टाकतो. मुख्य ॲडमिनचा पासवर्डही त्याच्याकडेच. पुढे भांडण झालं किंवा त्याचं दुकान बंद झालं, की तुझी सगळी पत्रं त्याच्या हातात. डोमेन तुझ्या फर्मच्या नावावर, ॲडमिनचं खातं तुझ्या ताब्यात आणि विक्रेत्याला लागेल तेवढाच प्रवेश. प्लॅन चुकला तर वर्षाचे काही हजार जातील. डोमेन गेलं तर गिऱ्हाइकांना माहीत असलेला पत्ताच जाईल.

माझं मत: तीन स्टँडर्ड, तीन बेसिक, सेल्ससाठी शेअर्ड मेलबॉक्स, प्रीमियम एकही नाही. आधी महिनाभराची फुकट ट्रायल घेऊन वहिनी आणि क्वालिटीच्या मुलाला रोजचं काम त्यावर करू दे. ट्रायलला कार्ड देशील तर आपोआप नूतनीकरण लगेच बंद कर. विक्रेत्याकडून नवं कोटेशन मागव आणि सही करण्याआधी मला पाठव. डोमेनची चौकशी मात्र आजच कर.

ताईला नमस्कार, दाजींना फॅमिली प्लॅनचं जरा हळुवारपणे सांग.

तुझा,
मामा