बागेतला राखलेला कोपरा

प्रभू येशूच्या दाखल्यातला शेतकरी (मार्क 4:26-29) बी टाकून झोपी जातो. ते कसे वाढते हे त्याला कळतही नाही. आपण मात्र पाऊस उघडला की कोयती घेतो. आसिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा काही भाग तसाच ठेवायला सांगत, म्हणजे रानफुले आपसूक उगवतील. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याची आठवण दिली आहे. देवरूखच्या आसपासच्या देवरहाटीही अशाच राखलेल्या.

पायवाट साफ हवीच. साप-किरडाची भीती असते. पण कुंपणाकडचा टाकळा आम्ही यंदा काढला नाही. कोवळा होता तेव्हा भाजी केली, पुढे पिवळ्या फुलपाखरांनी पानांवर अंडी घातली. अळ्यांनी पाने कुरतडली. बाग जरा ओंगळ दिसते खरी. रोझरीनंतर आम्ही तिथेच बसतो.