आकाशातील टेहळणी आणि घराचा एकांत

परभणी जिल्ह्यातील जुन्या गावठाणांत माळवदाची घरे अद्यापि दिसतात. उन्हाळ्याच्या रात्री घरातील माणसे याच माळवदावर अंथरुणे टाकतात. परसात न्हाणी असते. तिला चारही बाजूंनी आडोसा असतो, मात्र वर छप्पर असतेच असे नाही. शेजाऱ्याची नजर पडू नये, रस्त्यावरून आतले दिसू नये, एवढा विचार करून ही घरे बांधली गेली. वरून कोणी पाहील ही कल्पना बांधणाऱ्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते. ड्रोनमुळे ती गोष्ट आता सहज शक्य झाली आहे.

ड्रोन हे उपयोगाचे साधन आहे, याविषयी दुमत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने शेतीत ड्रोन व यंत्रमानव यांचा वापर करण्याविषयीचा प्रकल्प राबविला आहे. गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली आहे. पंढरपूरची आषाढी वारी आणि मुंबईतील गणेश विसर्जन अशा प्रसंगी गर्दीवर लक्ष ठेवण्यासाठी पोलिसांनीही त्याचा उपयोग केला आहे. तथापि जे यंत्र गर्दीवर लक्ष ठेवू शकते, तेच एखाद्याच्या अंगणावरही स्थिर राहू शकते. त्याला कोणत्या मर्यादा आहेत, हे लोकप्रतिनिधी, शिक्षक व कर्मचारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

शेजारच्या जिल्ह्यांतील अनुभव

२०२४ च्या पावसाळ्यात परभणीला लागून असलेल्या जालना व बीड जिल्ह्यांतील अनेक गावांतून रात्री ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी आल्या. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील अशा तक्रारीचा प्रश्न विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनातही उपस्थित झाला. काही गावांत लोकांनी रात्रीची गस्त सुरू केली. हे ड्रोन चोरांचे, सर्वेक्षणाचे की पोलिसांचे, याविषयी गावागावांत तर्क चालू होते. यंत्र कोणाचे आहे आणि ते काय टिपत आहे, हे खाली उभ्या असलेल्या माणसाला कळण्याचा मार्ग नव्हता. भीतीचे मूळ या अज्ञानात होते.

जमिनीवरचे आकाश कोणाचे?

जमीन ज्याची, तिच्यावरचे आकाशही त्याचेच, असे एक जुने विधिवचन आहे. विमाने आल्यावर ते टिकले नाही. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कोंबडीपालकाचा खटला आला. लष्करी विमाने त्याच्या शेतावरून अवघ्या ८३ फुटांवरून जात आणि घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरत. न्यायालयाने अनंत आकाशावरील मालकीचे तत्त्व कालबाह्य ठरविले; परंतु जमिनीच्या उपभोगासाठी लागणारा लगतचा अवकाश मालकाचाच आहे, असे सांगून त्याला भरपाईचा हक्क दिला.

भारतात विमान अधिनियम, १९३४ च्या कलम १७ ने याविषयी तरतूद केली. वाजवी उंचीवरून विमान मालमत्तेवरून गेले, केवळ एवढ्याच कारणावरून अतिक्रमणाचा वा उपद्रवाचा दिवाणी दावा करता येत नाही, असे ते कलम सांगे. या अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. जुन्या कलमातील ‘केवळ एवढ्याच कारणावरून’ ही मर्यादा लक्षात घेण्यासारखी आहे. वरून जाणे ही एक गोष्ट होय. थांबून पाहणे आणि चित्रित करणे ही दुसरी.

नजरेचा कायदा

नजरेपासून संरक्षण ही आपल्याकडे परकी कल्पना नव्हे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १८ मध्ये रूढीने मिळणाऱ्या हक्कांचे उदाहरण देताना खिडकीचाच दाखला घेतला आहे. ज्या नगरात तशी रूढी असेल, तेथे शेजाऱ्याच्या घराचा सामान्यतः दृष्टीआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी उघडता येत नाही. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही एका खटल्यात असा रूढ हक्क मान्य केला. त्या खटल्यात शेजाऱ्याच्या नव्या व्हरांड्यातून व दारांतून घरातील स्त्रियांच्या वावराची जागा दिसत होती. ड्रोन ही एका अर्थी आकाशात उघडलेली खिडकीच आहे. फरक इतकाच, की ती कोणाच्याही घरावर नेता येते.

इंग्लंडमधील १९७७ चा एक निकालही येथे उद्बोधक आहे. एका जमीनमालकाच्या वाड्याचे विमानातून छायाचित्र घेतले गेले. हे अतिक्रमण नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. मात्र एखाद्याच्या घरावर आकाशातून सतत पाळत ठेवून त्याची प्रत्येक हालचाल टिपली गेली, तर तो दावा करण्याजोगा उपद्रव ठरू शकेल, असेही न्यायाधीशांनी नमूद केले.

पोलिसांची पाळत आणि राज्यघटना

पोलिसांच्या पाळतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९६२ मध्ये खरक सिंह खटल्यात आला. संशयिताच्या घरी रात्री जाऊन दार ठोठावण्याचा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम न्यायालयाने रद्द केला; पण खाजगीपणाचा स्वतंत्र मूलभूत हक्क मान्य केला नाही. पुढे २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात खाजगीपणा हा जागेचा नसून व्यक्तीचा असतो, हे तत्त्व न्यायालयाने मांडले. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले आणि खरक सिंह निकालातील विरोधी भाग रद्द ठरविला.

हा हक्क निरपवाद नाही. शासनाला त्यात हस्तक्षेप करता येतो; परंतु त्यासाठी कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. यात्रेच्या गर्दीत चेंगराचेंगरी टाळण्यासाठी तासाभराचे चित्रण आणि एका घराच्या अंगणावर महिनाभर ठेवलेली पाळत या दोन गोष्टी या कसोटीवर सारख्या ठरणार नाहीत.

अमेरिकेत याउलट निर्णय झाला आहे. दहा फुटांच्या कुंपणाआड वाढविलेली गांजाची झाडे पोलिसांनी १,००० फुटांवरून विमानातून पाहिली; त्यासाठी वॉरंटची गरज नव्हती, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले. जे कोणत्याही प्रवाशाला विमानातून दिसते, ते पोलिसांनी पाहिले तर बिघडले कोठे, असा तो युक्तिवाद होता. खाजगीपणा व्यक्तीचा मानणाऱ्या आपल्या तत्त्वाशी तो सहज जुळणारा नाही.

नियमांत काय आहे आणि काय नाही

ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झाले. त्यांनी हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा व लाल असे तीन विभाग केले. हिरव्या विभागात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण करता येते. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या खालचा नसलेला अधिकारी एखादे क्षेत्र जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल विभाग म्हणून घोषित करू शकतो. हे नियम भूदल, नौदल व वायुदल यांच्या ड्रोनना लागू नाहीत. पोलिसांना मात्र अशी सरसकट सूट दिलेली नाही.

२०१८ च्या तरतुदींत ड्रोनचालकावर इतरांचा खाजगीपणा जपण्याची स्पष्ट जबाबदारी होती. २०२१ च्या नियमांत तसे कलम उरलेले नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्री खाजगी कृतीत असताना तिला चोरून पाहणे वा चित्रित करणे हा अपराध असून, पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षे कारावासाची शिक्षा आहे. न्हाणीवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या चालकाला हे कलम लागू होऊ शकते. परंतु पोलिसांच्या हवाई टेहळणीसाठी स्वतंत्र कायदा नाही. दूरध्वनी चोरून ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वरिष्ठ पातळीवरील लेखी आदेश, ठराविक मुदत आणि पुनर्विलोकन समिती अशी बंधने घातली. आकाशातील कॅमेऱ्यासाठी तशी कार्यपद्धती कायद्याने आखून देणे हेच पुढील काम आहे.

मोजणीचा धडा

अशी कार्यपद्धती अशक्य नाही, हे गावठाण मोजणीने दाखविले आहे. पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे प्रायोगिक काम झाल्यानंतर देशभर स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. या कामात गावाला आगाऊ कल्पना दिली जाते, मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात, ड्रोन कोणाचा व कशासाठी हे ठाऊक असते आणि हाती मिळकतपत्रिका येते. तोच कॅमेरा तेच घर वरून टिपतो. तरी गाव घाबरत नाही. पोलिसांना प्रत्येक कारवाई आधी जाहीर करता येणार नाही, हे खरे. परंतु आदेश कोणी दिला, चित्रण किती दिवस ठेवले आणि ते कोणी पाहिले, याची नोंद ठेवणे गुप्त तपासातही शक्य आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

अनोळखी ड्रोन दिसल्यास वेळ, दिशा, दिव्यांचा रंग व थांबलेली जागा लिहून ठेवावी आणि पोलीस पाटील किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. दगड मारून ड्रोन पाडण्याचा प्रयत्न करू नये. त्यात माणसे जखमी होतात आणि पुरावाही नष्ट होतो. यात्रा वा उत्सवासाठी पोलीस ड्रोन वापरणार असतील, तर ग्रामपंचायतीने त्याची माहिती मागून सूचनाफलकावर लावावी. चित्रण जतन करण्याच्या पद्धतीविषयी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. शाळांतून नागरिकशास्त्राच्या तासाला हा विषय मांडल्यास मुलांना मूलभूत हक्क घरच्या उदाहरणाने समजेल.

माळवदावरचे आकाश घरमालकाचे नाही. पण त्या माळवदावर झोपलेल्या माणसाचा एकांत त्याचाच आहे, आणि त्यात डोकावणाऱ्याने, तो शासनाचा अधिकारी असला तरी, कोणत्या कायद्याने व कशासाठी, याचे उत्तर दिले पाहिजे.