प्रभादेवी : ग्रामदेवतेचे नाव धारण करणारा परिसर

श्रीसिद्धिविनायकाच्या दर्शनासाठी मुंबईस येणारे बहुसंख्य भाविक ज्या देवीवरून या परिसराला ‘प्रभादेवी’ हे नाव मिळाले, तिचे दर्शन न घेताच परततात. वस्तुतः श्रीप्रभावतीदेवीचे मंदिर येथून पायी जाण्याजोग्या अंतरावर आहे.

देवीची मूर्ती अतिशय जुनी मानली जाते. परचक्राच्या काळी ती विहिरीत दडवून ठेवण्यात आली व पुढे एका भक्तास दृष्टान्त होऊन बाहेर काढण्यात आली, अशी परंपरागत कथा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे मंदिर उभे राहिले. देवी शाकंभरीचे रूप असल्याने पौष महिन्यात शाकंभरी पौर्णिमेपासून येथे जत्रा भरते. या जत्रेत जुन्या गावाची ओळख आजही जिवंत आहे.

त्या काळी माहीम व वरळी ही निरनिराळी बेटे होती. भरतीचे पाणी मधल्या सखल भागात शिरे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड हा बांध पूर्ण झाल्यावर ही जमीन हळूहळू वस्तीयोग्य झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, दि. १९ नोव्हेंबर १८०१ रोजी, लक्ष्मण विठू पाटील यांनी श्रीसिद्धिविनायकाचे छोटेसे विटांचे मंदिर बांधले. त्याचा खर्च आगरी समाजातील देऊबाई पाटील या निपुत्रिक स्त्रीने केला. आपल्याला न लाभलेले अपत्यसुख इतर स्त्रियांना लाभावे, ही तिची भावना होती. दात्यांच्या नामावल्या लिहिल्या जातात तेथे हे नाव प्रथम स्मरावे. मंदिरालगत पाणीटंचाईवर उपाय म्हणून खोदलेले तळे होते. तेही पुढे बुजविले गेले.

पुढे कापडगिरण्या आल्या, त्यांच्याबरोबर कामगारांच्या चाळी आल्या. १९८२च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या आणि त्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. समुद्र तोच असला तरी अनेक जुन्या घरांतून तो आता दिसत नाही.

जवळच्या रेल्वे स्थानकाला मात्र दीर्घकाळ ‘एल्फिन्स्टन रोड’ हे एका गव्हर्नराचे नाव होते. दि. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेथील पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांना प्राण गमवावे लागले. दि. १९ जुलै २०१८पासून स्थानकास ‘प्रभादेवी’ हे नाव लाभले. मंगळवारी व अंगारकीस येणाऱ्या भाविकांनी पुलावर घाई करू नये, वृद्धांना व बालकांना सांभाळावे आणि परतताना श्रीप्रभावतीचे दर्शन अवश्य घ्यावे.