आधी पाणी तपासा

रात्रीचे दहा वाजले होते. सात वर्षांचा इरफान गाल धरून रडत होता. त्याची दाढ ठणकत होती. सलमा आपाने लवंग दिली. पण दुखणे थांबले नाही.

"दुधाचा दात आहे, पडून जाईल," दादी म्हणाली. अम्मीला मात्र रात्रभर झोप आली नाही.

सकाळी अम्मी दोघांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी दाढ तपासली. त्या म्हणाल्या, "दाढ किडली आहे. आपण गोड खातो, तेव्हा तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताचे कवच झिजवते. दुधाचे दातही जपावेत. ते पक्क्या दातांची जागा राखतात."

सलमाने विचारले, "शेजारच्या खाला म्हणतात, फ्लोराईडच्या गोळ्यांनी दात मजबूत होतात. इरफानला देऊ का?"

"तुम्ही कोणते पाणी पिता?"

"बोअरचे," अम्मी म्हणाली.

"मग आधी पाणी तपासा. थोड्या फ्लोराईडने कवच घट्ट होते. फार झाले तर दातांवर डाग पडतात, हाडेही दुखतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. डॉ. मॅके यांनी १९०१ पासून त्यांचा अभ्यास केला. नवल म्हणजे ते दात फारसे किडत नव्हते! १९३१ मध्ये कारण सापडले. तेथील पाण्यात फ्लोराईड जास्त होते. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांतही असे पाणी आहे."

"पाणी उकळले तर?"

"उकळल्याने फ्लोराईड जात नाही."

डॉक्टरबाईंनी दाढेवर उपचार केले. अब्बांनी बोअरचे पाणी सरकारी प्रयोगशाळेत दिले. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड नसावे. त्या पाण्यात अडीच मिलिग्रॅम निघाले! गोळ्या दिल्या असत्या तर इरफानचे नुकसानच झाले असते. त्या दिवसापासून घरात नळाचे तपासलेले पाणी येऊ लागले.

आता इरफान सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासतो. वाटाण्याएवढीच पेस्ट घेतो आणि ती थुंकून टाकतो. गोळ्या-चॉकलेट रोज मागत नाही. आणि दादी? तीच आता शेजारणींना विचारते, "तुमचे पाणी तपासले का?"

स्वाध्याय
१. दात कशामुळे किडतात?
२. डॉक्टरबाईंनी पाण्याविषयी का विचारले?
३. तुमच्या घरी पिण्याचे पाणी कोठून येते? पाच वाक्ये लिहा.