सरकारी वेबसाइट प्रत्येकाला वापरता यावी म्हणून: ॲक्सेसिबिलिटीतलं करिअर

मुलाला कॉम्प्युटरला घातलं, आता एआय आल्यावर त्याचं काय होणार? हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना मी हल्ली एका कामाचं नाव आवर्जून सांगतो. डिजिटल ॲक्सेसिबिलिटी. नाव जड असलं तरी काम सहज समजण्यासारखं आहे. सरकारी पोर्टल, बँकेचं ॲप, परीक्षेचा फॉर्म हे सगळं अंध, कर्णबधिर, हातांच्या हालचालीवर मर्यादा असलेल्या किंवा वाचन-आकलनात अडचण येणाऱ्या माणसाला स्वतःचं स्वतः वापरता येतं का हे तपासायचं आणि येत नसेल तर दुरुस्त करायचं. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. पुढे २०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, म्हणजे आज हा आकडा त्याहून बराच मोठा धरायला हवा.

उत्पन्नाच्या दाखल्यासारखा एखादा ऑनलाइन अर्ज घ्या. अंध व्यक्ती माउस वापरत नाही. ती टॅबचं बटण दाबत पुढे सरकते आणि स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावर काय आहे ते बोलून दाखवतं. रकान्याशेजारी ‘अर्जदाराचे नाव’ असं छापलेलं असतं, पण कोडमध्ये ते शब्द रकान्याशी जोडलेले नसतात. मग कानावर फक्त ‘एडिट, ब्लँक’ एवढंच पडतं. पुढच्या रकान्यातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. आधार क्रमांक कुठे भरायचा आणि गावाचं नाव कुठे, काही पत्ता लागत नाही. जन्मतारखेचं कॅलेंडर माउसशिवाय उघडत नाही. ‘लाल रंगातील रकाने भरणे अनिवार्य’ ही सूचना वाचून दाखवली जाते, पण लाल रकाने कोणते ते कळत नाही. शेवटी चित्रातला कॅप्चा. तो वाचायला घरातल्या कोणाला तरी हाक मारावी, तोवर सेशन संपतं आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. अखेर ती व्यक्ती जवळच्या केंद्रात जाऊन, आपलं उत्पन्न, आधार क्रमांक आणि आलेला ओटीपी अनोळखी माणसाला सांगून काम उरकते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या प्रौढ माणसावर ही वेळ यावी, याची मला मनापासून चीड येते. कारण रकान्याला लेबल जोडणं हे कोडमधल्या एका ओळीचं काम आहे.

मराठीत अडचणी आणखी वेगळ्या आहेत, आणि आपल्या मुलांना खरी संधी तिथेच दिसते. कित्येक परिपत्रकं छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवली जातात. स्क्रीन रीडरच्या लेखी ते एक चित्र असतं, त्यात वाचण्याजोगं एक अक्षरही नसतं. काही जुने दस्तऐवज युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची सरमिसळ असते, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवलेली नसेल तर उच्चारांचाही घोळ होतो. हे दोष परदेशात बसलेल्या तपासनीसाला सापडणार नाहीत. त्यासाठी मराठी नीट वाचणारा, युनिकोड म्हणजे काय ते जाणणारा माणूस लागतो. मराठी माध्यमातून शिकलो म्हणून मागे पडू, असं वाटणाऱ्या मुलांनी याकडे जरूर पाहावं.

आता पालकांचा पुढचा प्रश्न: हे समाजकार्य आहे की नोकरी? नोकरी आहे, आणि तिच्यामागे कायदा उभा आहे. वर उल्लेखलेला २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. ती डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांवर बेतलेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुनावलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, किमान निकष बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून प्रकरणातला निकाल तर प्रत्येक विद्यार्थ्यानं मुळातून वाचावा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना बँकेच्या ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगितलं जात होतं, आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि २० निर्देश दिले. वेळोवेळी ॲक्सेसिबिलिटी ऑडिट करून घेणं हा त्यातला एक. त्याच वर्षी सेबीनंही आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना असं ऑडिट करायला सांगितलं. युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, त्यामुळे तिथल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांनाही हे टाळता येत नाही.

शिकायचं काय? आधी एचटीएमएल पक्कं करा. फ्रेमवर्कच्या मागे धावणाऱ्या बऱ्याच मुलांना साधं बटण आणि बटणासारखा दिसणारा रंगीत चौकोन यातला फरक सांगता येत नाही, आणि निम्मं काम तिथेच अडतं. मग सीएसएस, थोडं जावास्क्रिप्ट आणि डब्ल्यूसीएजीचे निकष. उदाहरणार्थ, नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. आयएएपी ही आंतरराष्ट्रीय संघटना सीपीएसीसी आणि डब्ल्यूएएस अशा परीक्षा घेते. पहिली पायाभूत ज्ञानाची, दुसरी तांत्रिक. त्यांची फी डॉलरमध्ये आहे, म्हणून आधी वर्षभर प्रत्यक्ष काम करून पाहा, परीक्षेचं नंतर बघा.

इंजिनीअरिंगच हवं असंही नाही. बीसीए, बीएस्सी झालेली मुलं या कामात येतात, तशीच डिझाइनवालीही. सोपी मराठी लिहिता येणारी कला शाखेची मुलगी सरकारी पोर्टलवरच्या सूचना सुबोध करण्याचं काम उत्तम करू शकते. आणि घरात अंध किंवा अल्पदृष्टी असलेलं मूल असेल, तर त्याच्यासाठी हे क्षेत्र खास विचारात घ्या. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्या कानाला जे खटकतं, ते डोळस टेस्टरच्या लक्षात यायला फार वेळ लागतो. एनव्हीडीए हा जगभर वापरला जाणारा मोफत स्क्रीन रीडर मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केला. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं अंध विद्यार्थ्यांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून काम करतं आहे. एकदा तिथे चौकशी करा.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. सरकारी वेबसाइटचं काम म्हणजे सरकारी नोकरी असा समज करून घेऊ नका. ही कामं बहुधा निविदेतून खासगी कंपन्यांकडे जातात, आणि सुरुवात इतर टेस्टरसारखीच खालून होते. दुसरं, स्वयंचलित साधनांवर विसंबू नका. चित्राचं वर्णन दिलं आहे का हे साधन सांगतं. ते वर्णन नुसतं ‘फोटो’ एवढंच असेल, तरी बहुतेकदा ते पास करून टाकतं. कोपऱ्यात एक चिन्ह बसवलं की साइट आपोआप सुगम्य होते, असं सांगणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. माणसानं बसून तपासण्याची गरज एआय आल्यावरही संपलेली नाही.

मुलाला हे जमेल का, आवडेल का, ते कळायला क्लासची गरज नाही. येत्या रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाका, मॉनिटर बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि त्याला त्याच्याच कॉलेजचा प्रवेश अर्ज उघडून भरायला सांगा. तासाभरानं तो कंटाळून उठला तर दुसरं काही शोधा. पण कुठे अडलं याची यादी करून तो ती दुरुस्त कशी करायची हे विचारायला लागला, तर त्याला या वाटेनं निर्धास्तपणे जाऊ द्या.