दारावरील धम्मचक्र : अशोक विजयादशमीसाठी घरी करावयाचे तोरण



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे भदन्त चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लगेच आपल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. तो दिवस दसऱ्याचा होता. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चांद्याला म्हणजे आजच्या चंद्रपूरला आले व येथील जनतेलाही त्यांनी दीक्षा दिली. म्हणून आपल्या जिल्ह्याला हा सण दोनदा येतो असे म्हटले तरी चालेल. कोणी तिथीप्रमाणे अशोक विजयादशमी साजरी करतात, कोणी तारखेप्रमाणे. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरलाच आला होता. अशा वर्षी विजयादशमीला बांधलेले तोरण १६ तारखेपर्यंत दारावर ठेवावे. त्यामुळे ते चांगले टिकाऊ असले पाहिजे.

तोरण कशासाठी?

जुन्या गावगाड्यात महाराष्ट्राच्या अनेक भागांत सणावाराला मोठ्यांच्या दारी तोरण बांधण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींकडे असे. तोरण त्यांनी बांधायचे, पण त्याच दाराचा उंबरठा मात्र त्यांनी ओलांडायचा नाही! आज आपण आपल्या स्वतःच्या दारावर, आपल्या इच्छेने तोरण बांधतो. वरवर ही गोष्ट लहान दिसते, पण तिच्यामागे फार मोठा इतिहास आहे.

तोरण हा शब्दही आपल्याला परका नाही. सांचीच्या महास्तूपाच्या चार दिशांना जी दगडी प्रवेशद्वारे आहेत, त्यांना तोरणेच म्हणतात. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहन काळातील आहेत. दक्षिणेकडील तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचा लेख तेथे आहे. म्हणजे हे तोरण कष्टकरी हातांनी घडविलेले आहे. त्या तोरणांवर भगवान बुद्धांची मानवी आकृती नाही. चक्र, बोधिवृक्ष, पदचिन्हे अशा खुणांनीच तथागत सुचविले आहेत. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पवनीच्या उत्खननातही प्राचीन स्तूपाच्या कठड्याचे कोरीव खांब व ब्राह्मी लेख मिळाले आहेत. म्हणून या पाठात आपण चक्र व पिंपळपान याच दोन खुणा घेतल्या आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्यावी. काही घरी दारावर पंचरंगी पताका असते आणि तिच्याच खाली लिंबू-मिरची किंवा काळी बाहुलीही टांगलेली असते. धम्मचक्र हा नजर न लागण्याचा ताईत नव्हे. ते घराचे रक्षण करीत नाही. घरातील माणसाने कसे वागावे याची ते आठवण देते, एवढेच त्याचे काम. आणि ज्याला त्याचा अर्थ ठाऊक नाही, त्याला ते आठवण तरी कशाची देणार? बाजारातून आणलेली पताका दोन मिनिटांत टांगून होते व तिचा अर्थ कोणी विचारीत नाही. घरी चक्र करताना आठ आरे मोजावे लागतात. मग मूल विचारते, आठच का? या प्रश्नासाठीच हे तोरण घरी करावयाचे आहे.

साहित्य

१) ओल्या हिरव्या बांबूच्या पातळ कामट्या. आपल्या नागभीड परिसरात बुरड कारागिरांकडे त्या सहज मिळतात. मोहल्ल्यातील चार-पाच घरांनी मिळून एक बांबू घेतला तरी पुरतो.
२) निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या व केशरी रंगाचे सुती कापड. शिंप्याकडील उरलेले तुकडे चालतात. या दिवसांत परतीचा पाऊस येतो व कागदाचा रंग भिंतीवर उतरतो, म्हणून कापड बरे.
३) पुठ्ठा, जाड सुती दोरा, पिवळा किंवा सोनेरी कागद.
४) तांदळाच्या पिठाची शिजवलेली खळ. तिच्यात चिमूटभर तुरटी घालावी.
५) पिंपळाची पाच जून पाने.

पहिली कृती : पिंपळपानाची जाळी

या कामाला वेळ लागतो, म्हणून सणाच्या महिनाभर आधी सुरुवात करावी. पाने मातीच्या भांड्यात पाण्यात बुडवून ठेवावीत व दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे. तीन-चार आठवड्यांत पानाचा हिरवा गर कुजून सुटू लागतो. मग पान सपाट पाटीवर ठेवून मऊ ब्रशने हळुवार घासावे, म्हणजे फक्त शिरांची जाळी उरते. ती वहीत दाबून वाळवावी. पाने तोडताना फांदी तोडू नये. बुद्धगयेला सिद्धार्थ गौतमांना याच जातीच्या वृक्षाखाली बोधी प्राप्त झाली. पाच पाने ही पाच शीलांची खूण समजावी.

दुसरी कृती : आठ आऱ्यांचे चक्र

चक्राचा व्यास ३० सेंटीमीटर धरू. परिघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, अर्थात सुमारे ९४ सेंटीमीटर. टोके एकमेकांवर चढवून बांधण्यासाठी १० सेंटीमीटर जास्त धरून १०४ सेंटीमीटरची कामटी घ्यावी. ती रात्रभर पाण्यात भिजत ठेवावी, म्हणजे वाकवताना तडकत नाही. सकाळी गोल वाकवून टोके दोऱ्याने घट्ट बांधावीत व सावलीत वाळवावी.

आता आठ सारखे भाग पाडावयाचे आहेत. ९४ सेंटीमीटरचा दोरा घेऊन तो तीनदा दुमडावा. दुमडलेल्या दोऱ्याची लांबी म्हणजे परिघाचा आठवा भाग. त्या मापाने कड्यावर आठ खुणा कराव्यात. मग ३२ सेंटीमीटरच्या चार बारीक काड्या समोरासमोरच्या खुणांवर ठेवून बांधाव्यात. चार काड्या मध्यभागी एकमेकींना छेदतात व आठ आरे तयार होतात. मध्यभागी दोऱ्याचे वेढे देऊन दोन्ही बाजूंनी ६ सेंटीमीटर व्यासाची पुठ्ठ्याची चकती खळीने चिकटवावी. कड्याला व आऱ्यांना पिवळा किंवा सोनेरी कागद गुंडाळावा.

आरा बांधताना मुलांकडून एकेक अंग म्हणवून घ्यावे : सम्यक् दृष्टी, सम्यक् संकल्प, सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त, सम्यक् आजीविका, सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृती, सम्यक् समाधी. एक काडी सैल राहिली तर सारे चक्र डगमगते. हे शब्दांनी समजावण्यापेक्षा हाताने लवकर कळते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी

भारताच्या राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राला २४ आरे आहेत. सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेले हे चक्र असलेला ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. २४ आऱ्यांचे चक्र बांबूचे करणे अवघड, म्हणून ते पुठ्ठ्यावर आखावे. कंपासाने वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर खुणा करीत गेल्यास बरोबर सहा भाग पडतात. प्रत्येक भाग दुभागला की बारा व पुन्हा दुभागला की चोवीस. दोन आऱ्यांतील कोन १५ अंशांचा येतो. कोनमापकाने तपासून पाहावा.

तिसरी कृती : पंचरंगी पट्टी

बौद्ध ध्वज १८८५ साली श्रीलंकेत कोलंबो येथे तयार झाला व पुढे जगभरच्या बौद्धांनी तो स्वीकारला. त्यातील रंगांचा क्रम ठरलेला आहे : निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. निळा मैत्री व करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा, लाल सदाचरणातून मिळणाऱ्या कल्याणाचा, पांढरा शुद्धतेचा आणि केशरी प्रज्ञेचा, असा अर्थ सांगितला जातो. सहावी पट्टी या पाचही रंगांची मिळून होते.

प्रत्येक रंगाची ४ सेंटीमीटर रुंद व २० सेंटीमीटर लांब पट्टी कापावी. शिवणीसाठी कापड थोडे जास्त ठेवावे. सहाव्या पट्टीसाठी ४ सेंटीमीटरचे पाच चौकोन, निळा सर्वांत वर ठेवून, त्याच क्रमाने खाली जोडावेत. सहा पट्ट्यांची रुंदी २४ सेंटीमीटर होते. असे दोन संच करावेत. चक्राच्या दोन्ही बाजूंना ते लावताना पाहणाऱ्याच्या डावीकडून निळ्यापासूनच क्रम सुरू व्हावा. शोभेसाठी दुसऱ्या बाजूचा क्रम उलटा करू नये. दोन संच व चक्र मिळून रुंदी ७८ सेंटीमीटर होते, म्हणजे साधारण तीन फुटी दारावर तोरण नीट मावते.

बांधणी व निगा

चक्र मध्यभागी, दोन्ही बाजूंना पट्ट्या आणि चक्राच्या खालच्या कडेला पाच पिंपळपाने बांधावीत. दार ठेंगणे असल्यास तोरण चौकटीच्या वर, भिंतीवर लावावे, म्हणजे येणाऱ्याच्या डोक्याला चक्र लागणार नाही. झेंडूची फुले लावण्यास हरकत नाही. झेंडू मूळचा अमेरिका खंडातला, तो कोणा एकाच्या मालकीचा नाही.

थर्माकोलची सजावट व प्लॅस्टिकचे झेंडे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. बंदी नसती तरी आपण ते टाळलेच पाहिजेत. सणाच्या दुसऱ्या दिवशी नालीत पडलेले व पायदळी आलेले धम्मचक्र पाहून कोणत्या उपासकाला बरे वाटेल? आपले तोरण १६ ऑक्टोबरनंतर उतरवावे, कापड धुऊन ठेवावे आणि बांबूचे चक्र आढ्याला टांगावे. पुढच्या वर्षी फक्त कागद बदलला की झाले. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला बौद्ध कुटुंबे असेच बांबूच्या काड्या व पातळ कागद यांचे कंदील घरी करतात. हीच पद्धत आपल्याकडेही रुजावी. ज्यांच्या घरी करणारे कोणी नाही, अशा वृद्ध आजी-आजोबांच्या दारासाठी मुलांनी एक तोरण जास्तीचे करावे.

स्वाध्याय

१) चक्राचा व्यास ४५ सेंटीमीटर घेतल्यास किती लांबीची कामटी लागेल?
२) आठ आऱ्यांच्या चक्रात दोन आऱ्यांमधील कोन किती अंशांचा असतो?
३) आठ अंगांपैकी आपल्या घरात सर्वांत सैल असलेला आरा कोणता? घरातील सर्वांनी मिळून विचार करावा.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. तिसऱ्याचे उत्तर लिहून दाखविण्याची गरज नाही. पुढच्या विजयादशमीला चक्र पुन्हा बांधायला घेताना तो आरा थोडा घट्ट झाला आहे का, एवढेच पाहावे.

जयभीम!