वाळवंटातला गाळ

गाळाची माती म्हटली की आपल्याला नदीकाठचं सुपीक शेत आठवतं. पण प्रत्येक गाळ सुपीक नसतो. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातली ‘अरिझो’ माती बघा. डोंगरातून क्वचित येणारा लोंढा सपाटीवर मंदावतो आणि खडी, वाळू तिथेच टाकतो. म्हणून या मातीत निदान 35 टक्के भाग दगडगोट्यांचा असतो. चिकणमाती व कुजलेला पालापाचोळा नावापुरताच; त्यामुळे पाणी टिकत नाही, झरझर खाली जातं. तरीही क्रिओसोटचं झुडूप इथे तग धरतं. खाली मुरलेली ओल उन्हापासून वाचते आणि मुळं ती शोधतात. तेव्हा मातीला नापीक म्हणण्याआधी विचारावं: कोणत्या पिकासाठी?